रेखाच्या कळशीवरचा उजेड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला नाही — ते तसं होतही नसावं.

मी सांगलीत चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मीच. घर माण तालुक्यातलं. वडील मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर. अशा घरातली मुलगी इथं कशी आली? आमच्या हायस्कूलच्या चित्रकलेच्या सरांमुळे. शाळेचे फलक, गॅदरिंगचे पडदे, गावातल्या दुकानांच्या पाट्या — सगळं तेच रंगवायचे. आणि रविवारी माळावर बसून स्वतःची चित्रं. आमचे उघडे, पिवळे डोंगर. ती चित्रं बघून मला पहिल्यांदा वाटलं, की आमच्याकडंही बघण्यासारखं काही आहे.

सरांचा एक नियम होता. विद्यार्थ्याच्या कागदाला ते कधी हात लावत नसत. "कागद तुझा हाय, चूकबी तुझीच ऱ्हाऊ दे," म्हणायचे. चुकलेलं बोटानं दाखवायचे, तेही वरून. मी कितीदा मुद्दाम चूक करून ठेवली — सरांचा ब्रश एकदा तरी माझ्या कागदावर टेकावा म्हणून. टेकला नाही.

नववीत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा होती. समोर पितळी कळशी मांडलेली, सरांच्याच घरची. माझ्या वर्गातली रेखा माझ्या शेजारी. तिची कळशी एका बाजूला कलंडली होती, रंग ओघळला होता, आणि ती रडायला लागली. सर आले. इकडंतिकडं बघितलं. तिच्या हातातला ब्रश घेतला आणि कळशीच्या गळ्यावर उजेड, पोटाखाली सावली — झालं. कळशी उभी राहिली.

मला काय वाटलं? हेवाच तो. दुसरा शब्द शोधायचा कशाला?

परीक्षेवर लक्ष ठेवायला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. पेपर संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं — एकटीनं — आणि सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, खरं तेच सांगितलंस की. हो, खरंच होतं. सरांनी परीक्षेत रंग भरायला नको होता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन. लहान होतीस, असंही म्हणाल. मला सगळं कळत होतं. तोच ब्रश माझ्या कागदावर टेकला असता, तर मी तोंड उघडलं असतं का? म्हणून मला तुमची सूट नको.

मॅडमनी रेखाला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. बस्स, शाळेनं ठरवून टाकलं — हिनंच सरांचं नाव सांगितलं. तिचा पेपर रद्द झाला, आमच्या शाळेतलं परीक्षेचं केंद्र गेलं, सरांची चौकशी लागली. मुली तिला विचारायच्या, "काय गं, चित्रावर सहीबी सरांचीच घ्यायची न्हाई का?" मीही हसायचे. कदाचित सगळ्यांत मोठ्यानं. दहावीनंतर रेखा शिकली नाही.

आणि सर? माळावर जायचं त्यांनी सोडलं. मला शिकवायचं मात्र सोडलं नाही. माझ्या प्रवेशाच्या वेळी वडील मेंढरांमागं होते, तर एसटीनं माझ्याबरोबर सांगलीला आले ते सरच.

हे सगळं पोटात ठेवून मी जगू शकले असते. जगत होतेच. पण दिवाळीच्या आधी सर आमचं प्रदर्शन बघायला आले. माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग स्टँडवर चहा पिताना सहज म्हणाले, "त्या रेखाची धाकटी बहीण आलती गं माझ्याकडं. शिकवा म्हणली. हात लय चांगला हाय पोरीचा. पण दिली परत लावून. त्या घरानं एकदा पोळलंय मला." आणि कप तसाच हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. "बरोबर केलं न्हवं?"

एका वाक्याचं काम होतं. घाबरायचं तरी काय कारण होतं? सर मारणार नव्हते, कॉलेज कुणी काढून घेणार नव्हतं.

मी म्हणाले, "बरोबर केलंत सर."

त्यांना बरं वाटलं. बिस्किटाचा पुडा माझ्याकडं सरकवला.

नववीतलं मी एकवेळ सोडून देईन. पण हे — हे चांगल्या मोठ्या वयात, शुद्धीत, चहा पिता पिता केलं.

मी चित्रं काढायचं थांबवणार नाही. पश्चात्तापानं ब्रश खाली ठेवला, असं वाचायला कुणाला आवडेलही. पण त्यानं त्या मुलीला काय मिळणार? हे छापून आलं की अंकाची पहिली प्रत सरांना पोस्टानं जाईल. त्यांनी मला दारात उभं केलं नाही, तर नाही केलं.

सर, रेखानं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. तिची बहीण अजून गावातच आहे.