नुसतं बसणं
काल फूलबागेजवळच्या दवाखान्यात शेजारच्या बाईंच्या माळेचा चंदनाचा वास आला आणि मी थेट सासरच्या माजघरात पोचले.

नवं लग्न होतं. छातीत धडधडायचं, झोप उडाली होती. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज थोडा वेळ डोळे मिटून शांत बसायला सांगितलं होतं. पण आमच्या ग्वाल्हेरच्या त्या मराठी घरात सुनेने जप केला तर पुण्य, नुसती बसली तर आळस. एका दुपारी मी अशी बसलेली असताना सराफा बाजारात राहणाऱ्या मावशी आल्या, तरी मी उठले नाही. सासूबाईंनी चंदनाची माळ माझ्या मांडीवर टाकली. "ही तरी हातात धर. फालतू बसलीय म्हणतील!"

वास इतका गोड होता की मोह झाला. पण डोळे न उघडताच मी माळ बाजूला ठेवली. "आई, मी जप करत नाहीये. नुसती बसलेय."

मावशींचा चहा सासूबाईंनीच केला.

तेव्हा तो मलाही थोडा उद्धटपणाच वाटला होता. आज वाटतं, त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

"बीपी बढ़िया है, आंटी," काल दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण दंडावरचा पट्टा सोडत म्हणाली. "इसके लिए क्या करती हैं आप?"

"रोज थोड़ी देर कुछ नहीं करती," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं.