चिखलाचे पाय

व्हिएतनामच्या सहलीत गाइडनं आमची बस एका खेड्यातल्या शाळेपाशी थांबवली. दोन खोल्या आणि चहूकडे भातखाचरं. मावळातून इतक्या लांब येऊन पुन्हा भातच बघायचा, म्हणून आमच्यातल्या तळेगावकरांनी नाकं मुरडली. आम्ही बाकांवर बसलो, मुलं गाणं म्हणू लागली. तेवढ्यात एक मुलगी थेट खाचरातून आली, गुडघ्यापर्यंत चिखल. पाहुणे बघून ती दारातच थबकली. बाईंनी बादली आणली, तिचे पाय स्वतः धुतले आणि तिला पुढच्या रांगेत बसवलं.

सगळे 'किती गोड' म्हणत फोटो काढत होते. मीही काढला. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, कारण मला आमचे गुरुजी आठवले होते.

कार्ल्याची लेणी बघायला आलेले परदेशी पाहुणे कधीमधी आमच्या शाळेत डोकावत. भाताच्या आवणीत आम्ही काही जणी सकाळी रोपं लावून तशाच शाळेत यायचो. पाहुण्यांची गाडी दिसली की गुरुजी आम्हांला मागच्या सरपणाच्या खोपीत घालून बाहेरून कडी लावत. म्हणत, "शाळेची अब्रू घालवाल." आणि दर शनिवारी त्या वर्गाची जमीन शेणानं सारवायचो आम्हीच!

हे त्यांना एकदा चार माणसांत ऐकवायचं, एवढं मी त्या परक्या बाकावर बसून ठरवलं.

परतल्यावर गावच्या शाळेनं मला परदेशातल्या शाळेबद्दल बोलायला बोलावलं. अध्यक्ष गुरुजीच हवेत, ही अट माझी. ते लोणावळ्याहून कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आले आणि "ही माझी विद्यार्थिनी" असं दहा जणांना सांगून मोकळे झाले.

मी फोटो दाखवला, बादलीची गोष्ट सांगितली. मग शाळेचं किंवा कुणाचंही नाव न घेता खोप आणि कडी सांगितली. गुरुजींनी टेबलावर हात आपटला. "अशा माणसाला मास्तर केलं कुणी?"

"गुरुजी, ते तुम्हीच होता."

ते हसले. काही तरी गैरसमज झालाय, असं म्हणू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून माझी वर्गमैत्रीण उठली. तिची नात त्याच शाळेत आहे. "गैरसमज कसला? मी बी व्हते आत. कडी तुमीच लावायचा."



माझा सत्कार अध्यक्षांच्या हस्ते व्हायचा होता. नारळ गुरुजींच्या हातात होता, पण त्यांना मान वर करता येईना. मुख्याध्यापिका कानाशी लागल्या, "ताई, जाऊ द्या ना, म्हातारे आहेत." मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

मी हात पुढे केला आणि तसाच धरून उभी राहिले. खोपीत आम्ही पाहुणे जाईपर्यंत थांबायचो. मला थांबायची सवय होती.