गव्हाले भेणारी सुकेशनी

सापाला न भिणारी माझी सून सुकेशनी गव्हाला मात्र चळचळा कापते. तिच्या लेकीला, अंजूला, गव्हाचा कणही चालत नाही. मागं एका लग्नात पोरीनं पुरी खाल्ली, तर सलाइन लावावं लागलं. दूधही पचत नाही. म्हणून वाढदिवसाचा केक सुकेशनी घरच्या जात्यावर दळलेल्या ज्वारीचा करते. त्यात लाल भोपळा, शिजवलेली चवळी अन् गूळ! भांडं तापल्या वाळूत ठेवून भाजते. भोपळा कोणाला ओळखू येत नाही. मी तर दोनदा मागतो.

यंदा केक कापला अन् ती थबकली. "एवढा मऊ कसा झाला?"

माझा लेक प्रज्वल फुशारकीनं म्हणाला, "तुह्या हाताले आराम म्हणून मीच चक्कीवरून ज्वारी दळून आणली न! तुह्या पिठाच्याच डब्यात भरून ठेवली होती."

अंजूनं तुकडा तोंडाजवळ नेला होता. सुकेशनीनं झडप घालून तो हिसकावला. "चक्कीत आधी कशाचं दळण होतं?"

"मले काय माहीत?"

मी चक्कीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "गहूच होता, बाबा."

सुकेशनी माझ्याकडं वळली. "मामाजी, पोटात गेला असता तर?"

अंजू रडत होती. सुकेशनी जात्याशी बसली. दिवेलागणीला दुसरा केक झाला. पहिला मी अन् प्रज्वलनं संपवला. अंजू पोटभर खाऊन अंगणात खेळू लागली, तरी सुकेशनी दारातून हलली नाही. पोरीनं पोटाला हात लावला, की ती तिथूनच विचारायची, "दुखतं का गं?"