बल्बाच्या कागदावर मोटर

सोलापुरातली ती नळाची केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. सत्तरचं दशक होतं. यंत्रमागाच्या पेठेत एक सून अंगणातल्या नळावर शॉक लागून मेली. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि खांबावरूनच त्या घराची वीज तोडायला लावली.

दुसऱ्या दिवशी मयताचा भाऊ मोहोळहून ठाण्यात आला. "सासूनं मारलं. ती सोता हाताला पदर गुंडाळून नळ सोडायची. तिला ठाव हुतं."

ठाण्यात मी एकटीच बाई पोलीस, म्हणून बायकांची चौकशी माझ्याकडे असे. सासूला बसवलं.

"पदर का गुंडाळायचीस?"

"नळ झिणझिणायचा. लेकाला सांगितलं, तर हसला. सुनेलाबी सांगितलं. ती म्हणाली, तुमचं सोवळं लई!"

साहेब म्हणाले, "माहीत होतं, हे कबूल झालं. खुनाचा गुन्हा लावा."

मला पटेना. मारणारी बाई आधी सांगत फिरत नाही. घरात नवीन काय बसलं, ते पाहिलं. मागाला नवी मोटर होती. ती जोडणाऱ्या वायरमनला कुंभारीहून उचलून आणलं. त्यानं वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट पुढे केला. "एक बल्ब वाढवला, बाई. कागद बरोबर हाय."

त्याला अंगणात नेलं. "नळ सोड."

"आदी मेन बंद करा."

"का रे? बल्बाचंच काम केलंस की."

वीज तोडलेली त्याला ठाऊक नव्हती. तो मागे सरकला, मग खाली बसला आणि बोलला. मोटरची अर्थिंगची तार त्यानं नळाच्या पाइपला बांधली होती. मोटरचा करंट पाइपात उतरला. मोटरसाठी वाढीव जोडणीचा रिपोर्ट लागतो, त्यात अर्थिंग मोजावं लागतं. सासूचा लेक म्हणाला होता, "तपासणीत माग अडकंल. बल्बाचा कागद दे, भागतंय."

दोघांवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. सासूला म्हटलं, "सुटलीस. घरी जा."

ती उठेना. "माझंच नाव राहू द्या की, बाई. मी म्हणते मीच मारली. लेकाला सोडा."

"सुनेसाठी एकदा तरी रडलीस का?"

मी तिला हाताला धरून बाहेर काढलं.

तेव्हापासून घरात वायरिंग वाढवलं की मी विचारते, हा कागद ह्याच कामाचा का? आणि माणसांचं सांगायचं तर निर्दोष माणूसही लेकरासाठी खोटं बोलायला तयार असतो. म्हणून सुटलेल्याचा जबाबसुद्धा मी पुन्हा तपासत असे.