दादाने फोनवर ऐकलेला बँड

बंगलोरची गाडी बुऱ्हाणपूरला जेमतेम थांबते, म्हणून दादाने माझ्या बॅगा डबा जिथे येईल तिथे आधीच नेऊन ठेवल्या होत्या. आई रडत नव्हती. ती पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होती, "पोहोचली की फोन कर, अन् उपाशी नको झोपू." बाबा स्टेशनवर आले नव्हते. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. गाडी हलली तेव्हा दादा खिडकीबरोबर चालत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ छोटी, इकडे मी आहे ना." तेव्हा या वाक्याने मला केवढा धीर आला होता.

खरं तर जायचं होतं ते त्याला. दादा गावातल्या ऑर्केस्ट्रात ढोलक आणि ऑक्टोपॅड वाजवायचा. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर स्पीकरांच्या भिंतीला पाठ लावून रोज चार-चार तास. इंदूरच्या एका मोठ्या ग्रुपने त्याला बोलावलं होतं. तेवढ्यात बाबा आजारी पडले आणि शनवारा बाजारातलं आमचं कपड्याचं दुकान त्याच्या गळ्यात आलं. मी नोकरीसाठी निघाले, तो गल्ल्यावर बसला. यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. झालं असतं तर भांडण तरी झालं असतं.

बंगलोरचं पहिलं वर्ष वाईट गेलं. पीजीतलं सांबार, ट्रॅफिक आणि ऑफिसात माझ्या हिंदीमिश्रित मराठीला हसणाऱ्या पुण्याच्या मुली. त्यांतलीच एक मला ओढून एका तळघरातल्या कार्यक्रमाला घेऊन गेली. चार पोरांचा बँड, गाणी अर्धी कन्नड, अर्धी हिंदी. मी दाराजवळची जागा धरली होती, कंटाळा आला की सटकायला बरं. तिसऱ्या गाण्यात ड्रमवाल्याने जो ठेका धरला तो ऐकून मी उभीच राहिले. हा तर आमच्या गरब्याचा ठेका. तो मध्ये कुठेतरी एक ठोका खायचा आणि मग पुढे धावत जाऊन तो भरून काढायचा. अगदी तसाच दादा वाजवायचा.

मी रेकॉर्ड करून दादाला पाठवलं. त्याचं उत्तर लगेच आलं, "हा कोण आहे यार? अजून पाठव."

मग मी त्या बँडचा एकही कार्यक्रम सोडला नाही. कधी कॉलेजच्या मैदानावर, कधी बिअरच्या वासाने भरलेल्या हॉलात. दिवाळीनंतर त्यांचा अल्बम आला. कव्हरवर चाकं वर करून ठेवलेली सायकल होती. म्हणून आम्ही दोघं त्या अल्बमला 'सायकल' म्हणायचो. दादा दुकानात दिवसभर तोच लावायचा. कापड मोजायच्या लोखंडी मीटरने काउंटरवर आणि ताग्यांवर अख्खी गाणी वाजवायचा. कन्नडचं अक्षर कळत नव्हतं, तरी गायचा मात्र बिनधास्त. वहिनी सांगायची, गिऱ्हाईक ब्लाउजपीस मागतं आणि तुझा भाऊ डोळे मिटून बसलेला असतो. संध्याकाळी घरी तो बाबांच्या खाटेशी फोन ठेवायचा आणि बाबांचा चांगला हात चादरीवर हळूहळू हलायचा. माझं लग्न झालं, मी बंगलोरचीच झाले, पण आम्हा बहीणभावाचं बोलणं त्या अल्बमवरूनच सुरू व्हायचं. बाकी बोलण्यात दुखणी आणि औषधं असायची.

"एकदा येऊन समोर ऐक," असं मी दरवर्षी म्हणायचे. "येतो ना," तो म्हणायचा. मग लगनसराई यायची, ती संपली की बाबांचं काहीतरी निघायचं. तुमच्यापैकी जे गावी राहिलेत त्यांना हे 'येतो ना' चांगलं ठाऊक असेल. आम्ही निघून गेलेली माणसं ते ऐकतो आणि दरवेळी खरं मानतो.

गेल्या वर्षी बँडने जाहीर केलं की हा शेवटचा कार्यक्रम, यानंतर चौघे चार वाटांनी. मी दोन तिकिटं काढली आणि दादाला फोन केला. दुकानाचं काय, तो म्हणाला. मागून आप्पांचा आवाज आला, "अरे जाय ना बेटा, काहून मरतो दुकानासाठी? मी बसतो चार दिवस." आप्पा म्हणजे आमचे धाकटे काका. मूलबाळ नाही, आमच्याच मागच्या खोल्यांत राहायचे. दादाने रिझर्वेशन केलं. इतकं खूश मी त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तो निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पा गेले. चहा पिता पिता.

बाबा उठू शकत नव्हते, म्हणून अग्नी दादाने दिला. आमच्याकडे अग्नी देणाऱ्याने दहा दिवस गाव सोडायचं नाही. खाली चटईवर झोपायचं आणि एक वेळ जेवायचं. घरात गाणं लावायचा तर प्रश्नच नाही. मी निघते म्हटलं तर आई म्हणाली, "तू सासरची झाली आता, दहाव्याला ये." दादाने फोन घेतला. "तू जाय कार्यक्रमाला. दोन तिकिटं आहेत, एक तरी वापर."

मी गेले. पहिलं गाणं सुरू झालं तसा त्याला फोन लावला आणि हात वर करून धरला.

तिकडे काय चाललं होतं ते मला वहिनीने नंतर सांगितलं. गावातल्याच लोधीपुरा मोहल्ल्यातले नातेवाईक दुखवट्याला बसायला आले होते, खोली भरलेली होती. दादा चटईवर, भिंतीला टेकून, कानाला फोन दाबून. मधूनच "हं" म्हणायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, "कोण आहे बिचारा फोनवर, केव्हाचा समजावून राहिला." दादाने मान हलवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. वहिनीला सगळं ठाऊक होतं. ती उठून सगळ्यांना पाणी देत राहिली. अजूनही आमच्याकडे म्हणतात, पुतण्या असावा तर असा. ते खोटं नाहीच. आप्पांसाठीही तो रडतच होता.

दहाव्याला मी तापीवर पोहोचले. विधीची तयारी व्हायला वेळ होता. दादा घाटाच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसला, नुकतंच मुंडण झालेला, एकदम म्हातारा दिसणारा. पाण्याकडे बघत म्हणाला, "फोनवर नुसतं खरखर यायचं गं. समोर उभं राहिलं की तो ठेका छातीत लागतो का?"

त्या रात्री तो माझ्या बरगड्यांत घुमला होता, अगदी हातातला फोनसुद्धा थरथरत होता. मी म्हटलं, "नाही रे. इतकी गर्दी असते, काही धड ऐकू येत नाही. तू ऐकलंस तेच बरं."

इतकी वर्षं स्पीकरांना पाठ लावून वाजवत आलेला माणूस हा. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

"बरं झालं मग," तो म्हणाला. "मी उगाच जीव लावून बसलो होतो."

गुरुजींनी हाक मारली तसा तो गुडघ्यावर हात टेकून उठला. बंगलोरात कोणी विचारतं, घरी कधी जाणार? घर म्हटलं की मला आता आई-बाबा नाही, बुऱ्हाणपूरही नाही, तो एकटाच आठवतो, माझं खोटं माझ्यासाठी खरं मानून पायऱ्या उतरत गेलेला.