संमेलनाचं पहिलं भाषण

जालन्यात प्रोग्रामरांचं संमेलन भरवायचं खूळ माझ्याच डोक्यातलं. पुण्याच्या कंपनीचं काम मी इथं घरात बसून करतो. आपल्यासारखे जिल्ह्यात आणखी कोण आहेत, एवढंच मला बघायचं होतं. सोबतीला कॉम्प्युटर क्लास चालवणारा एक मित्र. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "खर्चा बिलकुल न्हाई करायचा. पोहे माझ्या घरून येतील, अम्मीला सांगितलंय." हॉल एका कॉलेजनं फुकट दिला. अट एकच, उद्घाटन संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. पण आपल्याकडे एकाला शाल दिली की दुसरा रुसतो. आठवडाभरात व्यासपीठावरच्या खुर्च्या नऊ झाल्या. मित्र वैतागला. "यातल्या एकाला तरी प्रोग्राम लिहिता येतो का?" फुकटच्या हॉलसाठी मी त्यालाच गप्प केलं. पाहुणा वाढला की पत्रिकेतलं एखादं भाषण खाली सरकवायचं, असा माझा उद्योग चालला होता.

सगळ्यात खाली गेलं ते बदनापूरच्या एका मुलीचं. खरं तर ते पहिलं ठेवलं होतं. तिचे वडील शिंपी. त्यांच्या दुकानातल्या मापांच्या वह्या बघून तिनं एक प्रोग्राम लिहिला होता. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की सगळी मापं समोर. वडिलांना अजून दाखवला नव्हता. पुण्यातल्या नोकरीचं उत्तर तिला सोमवारपर्यंत द्यायचं होतं, आणि वडील म्हणाले होते, चार लोकांपुढं काय बोलतेस ते ऐकतो, मग ठरवू. हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं होतं. मला माहीत होतं, हेच अजून गिळवत नाही.

रविवारी वडील स्वतः शिवलेला नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. सत्काराच्या वेळी कॉलेजचे एक सर माझ्या कानाशी लागले, "ताट धरायला एखादी मुलगी बघा." शाल-नारळाचं ताट मुलीनंच धरायचं, यात आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. हॉलमध्ये मुली तीन, त्यातली ओळखीची तीच. मी हाक मारली. लॅपटॉप खुर्चीवर ठेवून ती आली. नऊ जणांचे सत्कार, मग प्रत्येकाचं मनोगत. दीड तास ती ताट घेऊन उभी.

जेवणानंतर दोनच भाषणं झाली. चार वाजता शिपाई कुलूप घेऊन दारात आला; दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेची बाकं लावायची होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वायरी गुंडाळत बसलो. इतकं ओशाळं मला कधीच वाटलं नव्हतं.

स्टेशनला निघताना वडील निरोप घ्यायला आले.

"काका, पाच मिनिटं थांबा," मी म्हणालो. "ती इथंच व्हरांड्यात दाखवते."

"गाडी जाईल सर." त्यांनी हात जोडले. "कार्यक्रम लई चांगला झाला. पोरगी बराबर उभी राह्यली, शोभली. पण एवढ्यासाठी तिला पुण्याला कशाला धाडायची?"

तिनं लॅपटॉप पिशवीत ठेवला. सोमवारी तिनं पुण्याला नकार कळवला.