कागद कोणाच्या हाती

तारीख ११ सप्टेंबर. रक्कम वीस रुपये, दहा पानांच्या झेरॉक्सचे. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि तिच्या अमरावतीच्या कॉलेजच्या दवाखान्यातला कारकून. हा कारकून आमच्या बाळापूरकडचा, लांबच्या नात्यातला पुतण्या.

जुलैत त्याचा मला अकोल्याला फोन आला होता. "काका, ताई इथं तिसऱ्यांदा येऊन गेली. फाइल पाहून सांगू का?"

नको म्हटलं, तिलाच विचारतो. संध्याकाळी तिला फोन केला. "दवाखान्यात काहून जाऊन राहिली वं?"

"तुमाले कोनं सांगतलं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. आपलाच माणूस तिथे आहे म्हटल्यावर तिला धीर येईल असं वाटलं होतं.

"मंग गावात दवंडीच पिट म्हना त्याले."

त्यानंतर ती त्या दवाखान्यात गेली नाही. दुसरीकडेही गेली नाही. बायको गेल्यापासून घरी मी एकटाच. दिवसभरात मनातलं बोलायला मुलीचा एक फोन, तोही आता "जेवली, झोपते" एवढ्यावर संपायचा.

सप्टेंबरात तिनेच फोन केला. बाहेरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे ती जाऊन आली होती. त्यांना आधीच्या तपासण्यांचे कागद हवे होते आणि कारकून ते तिला देत नव्हता. "म्हनते, वडिलांले पाठव, त्याईच्या हाती देतो. माहे कागद हायेत ना, बाबा?"

सकाळच्या एसटीने गेलो. पुतण्याने चहा मागवला आणि गठ्ठा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही.

"तिच्याजवळ दे."

"काका, कॉलेजची फी त तुमीच भरता ना?"

"फी मी भरतो. दुखणं तिचं आहे. आणि यापुढे असा फोन मलाही करू नको, दुसऱ्या कोणाच्या बापालाही नको."

"तुमी त रागावलेच राव," म्हणत त्याने कागद तिला दिले. तिने पानं मोजून पिशवीत टाकली.

डॉक्टरीणबाईंच्या दारात ती म्हणाली, "तुमी इथंच बसा." दार आतून लागलं. बाकावर शेजारी एक बाई होती. तिने विचारलं, "काय झालं पोरीले?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत होतो.

मुलगी बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते. "पुढच्या महिन्यात बलावलं," एवढंच म्हणाली. मीही पुढे विचारलं नाही.

फी सातशे रुपये झाली, ती मी डॉक्टरीणबाईंच्या काउंटरवर भरली. पावती मुलीने ठेवली. झेरॉक्सचे वीस रुपये तिने कारकुनाला स्वतःच दिले होते. स्टँडवर ते तिला द्यायला गेलो, तर तिने घेतले नाहीत.